पेशीपटलासाठी एक खूण

किशोरी कोळी अकरावी सायन्सच्या वर्गात पहिल्यांदा बसली तेव्हा तिला एक्केचाळीस पूर्ण झाली होती. तिची स्वतःची शाळा नववीत सुटली होती, तीही गणितात नापास होऊन. पनवेलच्या त्या कॉलेजच्या वर्गात शंभरावर मुलं होती आणि सगळ्यांत पुढच्या बाकावर, खिडकीच्या बाजूला, साडी नेसलेली एक बाई. पहिले दोन दिवस मुलांना वाटलं, नवीन मॅडम आल्या आहेत.

ती आली होती मुलीसाठी. हेतल दोन वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला. ताप आठव्या दिवशी उतरला, पण मागे भांडं पडलं तरी पोर मान वळवत नाही, हे आधी आजीच्या, म्हणजे किशोरीच्या सासूच्या, गुणाबाईच्या, लक्षात आलं. कानातलं मशीन बसवलं. त्याने ट्रेलरचा हॉर्न कळायचा, शब्द कळायचे नाहीत. मुंबईला ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा आहे, तिथे राहायची सोय आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. पण पाच वर्षांच्या पोरीला तिकडे सोडून यायला किशोरीचं मन झालं नाही, आणि रोज ने-आण करायला घरात माणूस नव्हतं. मग कोळीवाड्याजवळच्या शाळेत नाव घातलं आणि किशोरी व्हरांड्यात बसू लागली. व्हरांड्यातून ती वर्गात कधी जाऊन बसली ते तिलाही आता सांगता येत नाही.

मायलेकींची भाषा घरातच तयार झाली. ती कोणी शिकवली नव्हती. वरच्या ओठावरून बोट फिरवलं की बाबा. कपाळावर अंगठ्याने मोठा टिळा म्हणजे आजी. मासळी, शाळा, उद्या, खोटं, दुखतंय, नको, पुरे, अशा खुणा जमत गेल्या. दहावीपर्यंत त्यात अपूर्णांक आले, गुरुत्वाकर्षण आलं, शिवाजी महाराजांचे सगळे किल्ले आले. हेतलचा बाप दयाराम जासईला कंटेनर यार्डात कामाला होता. ट्रेलर आत येताना-जाताना त्यांचे नंबर लिहून घ्यायचे, आज दिवसपाळी तर पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. त्याला यातल्या पन्नासेक खुणा यायच्या. गुणाबाईला तेवढ्याही नाही. ती नातीशी मोठमोठ्याने बोलायची आणि हेतल तिच्या तोंडाकडे बघून हसायची.

दहावीला हेतलला अडुसष्ट टक्के पडले. शाळेतल्या बाईंनी आर्ट्स सुचवलं, दयारामने शिवणकाम. हेतलने दोन्हीला नको म्हटलं. त्याच्या वर्षभर आधी दयारामला डेंग्यू झाला होता, तेव्हा रोज रक्त तपासायला जावं लागायचं. लॅबमधल्या बाईने एकदा सहज हेतलला सूक्ष्मदर्शकात डोळा लावू दिला. पोर तिथून हलेना. त्या बाईचं दिवसभराचं काम बघून हेतलने घरी येऊन आईला सांगितलं होतं की तिथे कोणाशी बोलावं लागत नाही, नुसतं बघावं लागतं, आणि बघणं मला येतं.

“सायन्स तिला सांगणार कोण?” दयारामने विचारलं.

“मी हाय ना,” किशोरी म्हणाली.

अकरावीचं सायन्स म्हणजे नक्की काय, हे तेव्हा तिला माहीत नव्हतं.

तोवर ती सकाळी सातला उरण नाक्याच्या मासळी बाजारात बसायची. करंजा बंदरावरून टेम्पो यायचा, त्यात तिची पाटी यायची. कॉलेज साडेसातचं. मग सकाळची जागा गुणाबाईने धरली आणि किशोरीने संध्याकाळची. पहाटे उठून डबा, पाणी, टेम्पोवरून माल उतरवणं, सासूला बाजारात बसवणं, तिथून घरी येऊन हात तीनदा साबणाने धुऊन कॉलेज. तरी हातांना वास राहायचाच. मागच्या बाकावरच्या दोन मुलींनी नाक दाबलेलं हेतलने पाहिलं, आईला सांगितलं नाही. किशोरीनेही पाहिलं होतं. तिनेही सांगितलं नाही.

बायोलॉजी शिकवायला कमलाकर सर होते. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली, मूळचे पुण्याचे, नवीन पनवेलला राहणारे. वाईट माणूस नव्हे. पण त्यांना फळ्यावर आकृती काढता काढता बोलायची सवय होती, म्हणजे वर्गाकडे पाठ. ओठ दिसायचे नाहीत, आणि दिसले असते तरी ते अर्धं इंग्रजीत बोलायचे. पहिल्या तासाला त्यांनी ‘सेल’ हा शब्द वीस वेळा तरी उच्चारला. किशोरीला टीव्हीच्या रिमोटमधला सेल माहीत होता. तिने तीच खूण केली. हेतलने वहीवर लिहून विचारलं, रिमोटचा? किशोरीने मान डोलावली. पुढची पस्तीस मिनिटं हेतल रिमोटच्या सेलला भिंत असते, त्याच्या आत पाणी असतं, त्याचे दोन होतात, असं सगळं गोंधळून बघत राहिली.

तास संपल्यावर किशोरी सरांच्या मागे जिन्यापर्यंत गेली. सेल म्हणजे काय, तिने विचारलं. सर थांबले. आपल्याला हे कोणी कधी विचारलं नव्हतं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग म्हणाले, “पेशी हो. आपलं सगळं अंग त्याचंच बनलेलं असतं.”

पेशी हा शब्द तिच्या ओळखीचा निघाला. शाळेत त्यावरचा धडा दोघींनी न कळता परीक्षेपुरता पाठ केला होता; लक्षात राहिलं ते डेंग्यूत दयारामच्या पेशी कमी झाल्या होत्या एवढंच. तोवर तिला वाटत होतं की पेशी फक्त रक्तात असतात आणि आजारपणातच त्यांचा विषय निघतो. कांद्यालाही पेशी असतात, बोंबलालाही असतात, हे तिला त्या आठवड्यात कळलं. शेजारच्या हौसाच्या मुलीचं आठवीचं विज्ञानाचं मराठी पुस्तक तिने मागून आणलं आणि संध्याकाळी बाजारात पाटाखाली ठेवून वाचू लागली. गिऱ्हाईक नसेल तेवढ्यात एक परिच्छेद. केंद्रक, तंतुकणिका, रिक्तिका. हे शब्द तिला कमलाकर सरांच्या इंग्रजीइतकेच परके होते, पण निदान वाचता येत होते. पुस्तकाच्या पानांना खवले चिकटले. हौसाच्या मुलीने ते परत घेतलं नाही.

प्रत्येक शब्दाला खूण हवी होती, आणि खूण अशी हवी होती की वर्गात अर्ध्या सेकंदात करता येईल. दोघी रविवारी दुपारी ओट्यावर बसून खुणा पाडायच्या. मूठ म्हणजे पेशी. मुठीच्या आत अंगठा दडवला की केंद्रक. शेगडीचं बटण फिरवल्यासारखं केलं की तंतुकणिका, कारण ऊर्जा तिथे तयार होते असं पुस्तकात लिहिलं होतं. पेशीपटलापाशी, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणापाशी, मात्र त्या अडल्या. हेतलला ते नीट कळत नव्हतं. भिंत असेल तर सगळंच अडेल, दार असेल तर सगळंच आत येईल. मग हे निवडून आत घेणारं, इतकं पातळ, काय असतं?

किशोरी तेव्हा बोईट मासा साफ करत होती. पोटात गाभोळी, अंड्यांची पिशवी, निघाली. तिने ती पाण्यात धुऊन हेतलच्या तळहातावर ठेवली आणि तिच्यावरची पातळ कातडी बोटाने दाखवली. आत हजारो अंडी, बाहेर पाणी, मध्ये एवढंच. ही कातडी म्हणजे तेच नव्हे, हे किशोरीलाही माहीत होतं. एकेका अंड्याला पुन्हा आपापलं पटल आहे आणि ते डोळ्याला दिसणारं नाही, एवढं तिला पुस्तकावरून समजलं होतं. तेही तिने सांगितलं. हेतल बराच वेळ ती गाभोळी बोटांत फिरवत बसली. मग तिने डाव्या हाताची मूठ केली आणि उजव्या हाताची दोन बोटं त्या मुठीवरून अगदी हलकेच, न दाबता, फिरवली. ती त्यांची पेशीपटलाची खूण ठरली.

पुढचं दीड वर्ष कसं गेलं ते किशोरीला सलग आठवत नाही. फिजिक्सचा तास, केमिस्ट्रीचा तास, मध्ये प्रॅक्टिकल, रोज पाच तास हात हवेत. शब्द संपेपर्यंत दुसरा शब्द आलेला. वर्गात कोणी विनोद केला, सगळे हसले, की हेतल विचारायची, काय झालं? किशोरी सांगायची, काही नाही. तो विनोद सांगेपर्यंत पुढचं वाक्य निसटलं असतं. कधी तिला डुलकी लागायची. एकदा केमिस्ट्रीच्या मॅडमनी बाकावर पेन आपटून तिला जागं केलं आणि मुलं हसली. हेतल हसली नाही. तिने त्या तासाचं काही विचारलंही नाही.

बारावीच्या दिवाळीनंतर किशोरीचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. केस विंचरायला सासू लागायची. डॉक्टरांनी व्यायाम दिले आणि हाताला आराम द्या म्हणाले. किशोरीने मान डोलावली, दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेली आणि डाव्या हाताने खुणा करू लागली.

डाव्या हाताच्या खुणा हेतलला अर्धवट कळायच्या. तोतरं बोलणारं माणूस समोर असावं तसं. आठ दिवस तिने सोसलं, मग एका दुपारी घरी आल्यावर ती चिडली. तिचे हात इतके जोरात चालत होते की गुणाबाई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघत राहिली. हेतलचं म्हणणं असं होतं की तू सगळं सांगत नाहीस. सर पाच मिनिटं बोलतात, तू तीन खुणा करतेस. मधलं कुठे जातं?

किशोरीने खोटं सांगितलं नाही. जे मला कळत नाही ते मी गाळते, तिने सांगितलं. आणि पहिल्या वर्षी कमी गाळत होते, आता जास्त गाळते, कारण आता दमते.

हेतल भिंतीला टेकून बसली. मग उठून तिने आईच्या खांद्याला तेल चोळलं.

त्यानंतर एक गोष्ट बदलली. हेतल वर्गातल्या एका मुलीची वही रोज घरी आणू लागली आणि आईच्या आधी स्वतः वाचू लागली. हार्मोनांचा धडा चालू होता. हार्मोन रक्तातून साऱ्या अंगभर जातं, पण ज्या पेशीच्या पटलावर त्याला ओळखणारा ग्राहक-रेणू असेल तीच पेशी त्याला उत्तर देते, बाकीच्या पेशींना त्याचा पत्ताही लागत नाही. हे किशोरीला एका झटक्यात कळलं. असं फार क्वचित व्हायचं, त्यामुळे तिला हुरूप आला. तिने बाजाराचं उदाहरण दिलं. मी बोंबील घ्या बोंबील म्हणून ओरडते, शंभर माणसं पुढून जातात, आणि जिला बोंबील हवेत तीच वळते.

हेतलने आईकडे बघून मान हलवली. नाही कळलं.

किशोरीने पुन्हा सांगितलं, सावकाश. मग तिच्याच ध्यानात आलं. ज्या पोरीला हाक ऐकल्याचं आठवतही नाही तिला ती हाकेचं उदाहरण देत होती. तिला वाईट वाटलं, आणि आता दुसरं उदाहरण शोधायची ताकदही नव्हती.

हेतल मात्र वहीतली आकृती बघत होती. थोड्या वेळाने ती उठली आणि तिने पाय जमिनीवर आपटला. घरात हेतलला बोलवायचं असेल तर किशोरी असाच पाय आपटायची. फरशी हादरते, तो हादरा हेतलच्या तळपायाला लागतो, ती वळते. हेतलने खुणांनी सांगितलं की पाय आपटलास की हादरा आजीलाही लागतो, बाबांनाही लागतो, पण वळते मी एकटी. आजी वळत नाही, कारण तिच्यासाठी तो हादरा म्हणजे काहीच नाही. बरोबर?

बरोबर, किशोरीने सांगितलं. आपल्यापेक्षा पोरीला जास्त कळतंय हे तिला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल. पण तिला आठवतं ते एवढंच की ती तिथेच फरशीवर आडवी झाली आणि बाजाराची वेळ होईपर्यंत झोपली.

प्रॅक्टिकलची परीक्षा फेब्रुवारीत होती. परीक्षेच्या आठ दिवस आधी ऑफिसमधून सांगितलं गेलं की तोंडी परीक्षेत दुभाषी म्हणून नातेवाईक चालणार नाही. आईने उत्तर पढवलं असं कोणी म्हटलं तर मुलीचेच मार्क जातील. कमलाकर सरांनी दोन ठिकाणी फोन केले, एका संस्थेकडून दुभाषी मिळवली. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती मुलगी कॉलेजात आली. सई तिचं नाव, पंचविशीची. तिचे आई-वडील दोघंही ऐकू न येणारे, त्यामुळे ती बोलायच्या आधी खुणा शिकली होती. तिचे हात बघून किशोरी थक्क झाली. काय ती सफाई, काय तो वेग.

सईने हेतलला विचारलं, नाव काय, तयारी झाली का. हेतल तिच्या हातांकडे बघत राहिली. सईने पुन्हा विचारलं, हळू. हेतलने आईकडे पाहिलं.

सईच्या खुणा देशभरातल्या शाळांत शिकवतात त्या होत्या. हेतलच्या खुणा कोळीवाड्यातल्या एका ओट्यावर तयार झालेल्या. दोघींपैकी एकीचंही दुसरीला काही कळत नव्हतं. सईने किशोरीकडे वळून हळू आवाजात विचारलं, “काकू, ही भाषा शिकायला हिला तुम्ही कुठल्याच शाळेत घातलं नाहीत?”

“नाय,” किशोरी म्हणाली. “आमी दोघीच होतो.”

सई रागावली नाही. तिने पिशवीतून वही काढली. कॉलेजच्या लॅबबाहेर पायऱ्यांवर तिघी बसल्या. किशोरी मराठीत शब्द सांगायची, हेतल खूण करून दाखवायची, सई त्या खुणेचं छोटं चित्र काढून शेजारी शब्द लिहायची. पेशी. पटल. केंद्रक. आत जाणं. बाहेर येणं. फुगणं. आकसणं. का. म्हणून. चार तासांत शंभराच्या जवळपास खुणा झाल्या. गेटवरच्या शिपायाने त्यांना चहा आणून दिला. निघताना सई म्हणाली, एका रात्रीत जेवढं होईल तेवढं पाठ करते. किशोरीला तिची काळजी वाटली, एवढीशी पोर, तिला परत बोरिवलीला जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी हेतल आणि सई आत गेल्या आणि किशोरी बाहेर राहिली. बारा वर्षांत हेतलच्या वर्गाच्या दाराबाहेर ती फार थोड्या वेळा राहिली होती. हात मांडीवर ठेवून ती पायरीवर बसली. काय करायचं ते तिला सुचेना. आत काय झालं ते तिला नंतर सईने सांगितलं.

परीक्षक दुसऱ्या कॉलेजचे होते, सकाळपासून चाळीस मुलं तपासून कंटाळलेले. त्यांनी विचारलं, ऱ्हिओ या झाडाच्या जांभळ्या पानाची साल मिठाच्या घट्ट पाण्यात ठेवली तर पेशीत काय होईल? सईने प्रश्न खुणांनी सांगितला. तिने ‘मीठ’ची खूण आदल्या दिवशी विचारून घेतली नव्हती. तिने आपली खूण वापरली, हेतलला ती भलतीच वाटली. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. सईने वहीच्या कोपऱ्यावर मीठ असं लिहून दाखवलं. परीक्षकांनी ते पाहिलं, हरकत घेतली नाही.

तो शब्द वाचल्यावर हेतलने उत्तर दिलं नाही. ती टेबलाशी गेली. पानाची साल काढून तिने काचपट्टीवर ठेवली, पाण्याचा थेंब, वर काच. सूक्ष्मदर्शक लावून कागदावर पेशी काढली, जांभळ्या रंगाने भरलेली, भिंतीला चिकटून असलेलं पटल. मग काचेच्या एका कडेला मिठाचं पाणी सोडलं, दुसऱ्या कडेला टीपकागद धरला. पाणी ओढलं गेलं. थोडं थांबून तिने पुन्हा पाहिलं आणि बाजूला होऊन परीक्षकांना जागा दिली. त्यांनी डोळा लावला. सगळ्या पेशींत पटल भिंतीपासून सुटून आत आकसलं होतं, जांभळा रंग मधोमध गोळा झाला होता. हेतलने पहिल्या चित्राशेजारी दुसरं काढलं आणि पाण्याच्या दिशेचे बाण आतून बाहेर दाखवले. परीक्षक म्हणाले, “हं. झालं.” आणि मार्क लिहिले.

दुसरा प्रश्न हार्मोनचा होता. एखादं हार्मोन ठरावीक पेशींवरच काम का करतं? हा प्रश्न हेतलला नीट कळला. तिने पाय आपटला. परीक्षक दचकले. तिने पुन्हा आपटला, सईकडे बोट केलं, दाराशी उभ्या शिपायाकडे केलं, मान हलवली, मग स्वतःकडे बोट करून वळून दाखवलं. सईला त्यातलं काहीच समजलं नाही. आदल्या दिवशी ती खूण वहीत आलीच नव्हती, कारण ती खूण नव्हती, घरातली गोष्ट होती. परीक्षकांना वाटलं मुलगी चिडली आहे. त्यांनी पुढच्या विद्यार्थ्याला बोलावलं.

बाहेर आल्यावर सईने हे सांगितलं आणि विचारलं, ती पाय का आपटत होती? किशोरीने समजावलं. ऐकता ऐकता सईचे डोळे भरले. ती परत आत जायला निघाली होती, परीक्षकांना सांगायला. किशोरीने तिचा हात धरला.

“र्‍हाऊ दे,” ती म्हणाली. “ती बरोबर बोलली एवढं मला माहीत हाय. बस झालं.”

प्रॅक्टिकलला तीसपैकी एकवीस पडले. लेखी परीक्षा हेतलने जादा वेळ घेऊन स्वतः दिली, तिथे कोणाची गरज नव्हती. निकाल लागला तेव्हा एकोणसाठ टक्के. कमलाकर सर घरी पेढे घेऊन आले. कोळीवाड्यात ते पहिल्यांदाच आले होते आणि घर सापडायला त्यांना अर्धा तास लागला. मी फळ्याकडे तोंड करून शिकवत राहिलो, ते म्हणाले, दोन वर्षं रोज ठरवायचो की वळून बोलायचं. किशोरीने त्यांना चहा दिला. त्यांच्यावर रागावायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

लॅबच्या कोर्सला प्रवेश सईच्या खटपटीने मिळाला. खारघरला. त्या वर्गात ऐकू न येणाऱ्या आणखी दोन मुली होत्या आणि संस्थेने दिलेली दुभाषी रोज येणार होती. पहिल्या दिवशी सकाळी किशोरी सवयीने साडी नेसून, हात धुऊन दाराशी उभी राहिली. हेतलने तिला सांगितलं, तू नको येऊ. रागाने नव्हे. तिने आईचा आखडलेला खांदा दाखवला आणि अंथरुणाकडे बोट केलं. मग बस पकडायला एकटी गेली. किशोरी दारातच थोडा वेळ उभी होती. गुणाबाई म्हणाली, “आता तरी नीज.” पण झोप लागली नाही.

सकाळची जागा तिने पुन्हा धरली. गुणाबाईने पाटीवरचा हक्क कुरकुरत सोडला. आता किशोरीला दिवसभर हातांनी काही बोलावं लागत नव्हतं, फक्त मासळी कापावी लागत होती. तरी थकवा जात नव्हता. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांचा आहे, हळूहळू जाईल.

हेतल तीन-चार महिन्यांत बदलली. त्या दोन मुलींकडून तिने इतक्या भराभर खुणा उचलल्या की आधीची सोळा वर्षं तिचे हात याचीच वाट बघत असावेत. संध्याकाळी त्यांच्यापैकी तळोज्याच्या मैत्रिणीशी ती फोनवर, समोर फोन उभा करून, बोलत बसायची. खळखळून हसायची. किशोरी भाजी निवडता निवडता बघायची. एक खूण कळायची, पुढच्या सात जायच्या. काय म्हणतेय ती, असं किशोरीने विचारलं की हेतल म्हणायची, नंतर सांगते. नंतर ती विसरायची. तिच्या वयाच्या मुली विसरतातच.

दयारामच्या हे लक्षात आलं होतं. एकदा पाळीवरून आल्यावर त्याने बायकोला विचारलं, तुला वाईट वाटतं काय? किशोरीने विचार केला. वाईट वाटायला बसावं लागतं, ती म्हणाली, आणि मला बसलं की झोप येते.

सईचा फोन आला होता. पनवेलमध्ये रविवारी दुपारी पालकांसाठी खुणांच्या भाषेचा वर्ग सुरू होतोय, या. किशोरीने नाही म्हटलं. आता नवीन काही डोक्यात जायचं नाही, आणि खांदाही वर जात नाही. सईने आग्रह केला नाही. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी दुपारी हेतल फोनवर कसल्याशा गोष्टीवर इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि किशोरीला जाणवलं की या पोरीला इतकं हसवणारी गोष्ट काय आहे ते आपल्याला माहीत नाही. ती उठली, साडी बदलली आणि रिक्षा करून गेली.

वर्ग एका शाळेच्या हॉलमध्ये होता. अकरा पालक होते, बहुतेक तिच्यापेक्षा तरुण, मुलं तीन-चार वर्षांची. ती मागच्या रांगेत बसली. शिकवणारे सर स्वतः ऐकू न येणारे होते. दीड तासात तिला अठरा खुणा शिकवल्या, त्यातल्या सहा राहिल्या. एका खुणेला हात वर न्यावा लागत होता, तो तिने अर्ध्यावरच थांबवला.

घरी आली तेव्हा हेतल ओट्यावर बसून नखं कापत होती. किशोरीने चप्पल काढली, तिच्या समोर उभी राहिली आणि नव्या भाषेतली एक खूण केली. मी दमले.

हेतलने नेलकटर खाली ठेवलं. तिने आईकडे नीट बघितलं. मग उठून आईचा कोपर हातात धरला, खांदा दुखणार नाही एवढाच वर उचलला, बोटं थोडी वळवली आणि मान डोलावली. आता बरोबर.

किशोरीने ती खूण पुन्हा एकदा केली. मग ती आत जाऊन आडवी झाली, आणि हेतलने दार लोटून घेतलं.